सुपारीत दाखवलेला फोटो

माझ्या छातीत उजव्या बाजूला, वरच्या अंगाला एक वण आहे. बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग. दुखत नाही, खुपत नाही. चढ चढताना थोडी धाप लागते, एवढंच. त्या वणाचा मला राग नाही. राग आहे तो दोन माणसांचा, आणि दोन्ही माझीच. एक माझे वडील, दुसरी माझी पाठची बहीण. आपलेच दात नि आपलेच ओठ, म्हणून बाया गप्प बसतात. मीही पुष्कळ वर्षं बसले. आता नाही बसत.

माझं माहेर कुंडल. चार एकर ऊस, दोन बैलं, एक म्हैस. आई मी दहा वर्षांची असताना तापानं गेली, तेव्हा धाकटी सहाची होती. तिची वेणी मी घालायची, तिला न्हाऊ मी घालायची, तिच्या शाळेच्या पाटीला छिद्र पाडून दोरीही मीच बांधली. सात वर्षांची असताना ती उसाच्या भरल्या गाडीवरून खाली पडली आणि मानेखालचं, डाव्या खांद्याकडं जाणारं आडवं हाड मोडलं. हाडवैद्यानं बसवलं, पण वाकडंच बसलं. त्या जागी कायमचा उंचवटा राहिला. थंडीत तो ठणकायचा. मी तेल कोमट करून चोळायची आणि ती माझ्या मांडीवर झोपायची. हे हाड लक्षात ठेवा, म्हणजे पुढं काय झालं ते कळेल.

सतराव्या वर्षी मला खोकल्यातून रक्त पडलं. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं छातीचा फोटो काढला. तेव्हा एक्स-रेला आमच्याकडं सगळे फोटोच म्हणायचे. निदान झालं, टीबी. तीन महिने रोज सुई आणि दीड वर्ष गोळ्या. सुयांनी कंबरेखाली टेंगळं आली, कानात रातकिड्यासारखं किर्र वाजायला लागलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण सोप्यात. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला दारातूनच बोट लावून जायच्या. एक धाकटी तेवढी जवळ यायची. रोज गोळी घेतली की ती भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. एकदा मी कंटाळून गोळी गोठ्यात फेकली, तर तिनं शेणातून ती शोधून काढली आणि माझ्यापुढं धरून भोकाड पसरलं. "आक्का, तू मेलीस तर माझी येणी कोन घालंल?" मी नवी गोळी घेतली. पुन्हा एकही चुकवली नाही.

दीड वर्ष झालं. शेवटचा फोटो काढला. निकाल आणायला आण्णा एकटेच सांगलीला गेले, कारण लगेच पुन्हा एस.टी.चा प्रवास मला झेपला नसता. दिवस मावळता आले. हातात मोठं पाकीट होतं आणि तोंड कडू औषध प्यायल्यासारखं.

"आण्णा, कसा आला फोटू?"

"रोग गेला म्हनला डाक्टर. फोटू मग बगू उजेडात."

रोग गेला म्हटल्यावर मला आणखी काय पाहिजे होतं? मी देवाला साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी आण्णा धाकटीला घेऊन परत सांगलीला गेले. शाळेची पुस्तकं आणायची आहेत म्हणाले. पुस्तकं काही आली नाहीत. दुकान बंद होतं म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीतून घाण वास आला, डोळ्यांत पाणी आणणारा. मी ओरडले, "काय जाळलंस गं?" धाकटी चुलीपुढं पाठमोरी बसलेली. "कंगवा पडला, आक्का." मी तिला नवा कंगवा घ्यायला चार आणे दिले. बघा माझं शहाणपण!

त्याच दिवशी आण्णांनी अंगणात फोटो सूर्याकडं धरला आणि मला दाखवला. "बग, कसा सोच्छ हाय. आरशावानी." काळ्यावर पांढऱ्या बरगड्या. त्यात माझं नाव लिहिलेलं. मला फोटोतलं काय कळतंय? आण्णा स्वच्छ म्हणाले, मला स्वच्छ दिसला. दीड वर्षानं पहिल्यांदा मी त्या रात्री धाकटीला कुशीत घेऊन झोपले.

वर्षभरात कराडजवळच्या एका गावातून स्थळ आलं. मुलगा फौजेत, दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला. मी आण्णांना तोंडावर सांगितलं, "माझा आजार त्यांस्नी आदी सांगा. लपवून नांदायचं न्हाई मला." मला वाटलं, खेकसतील. तर आण्णा म्हणाले, "सांगू की! त्यात काय चोरी हाय? फोटू हाय, डाक्टरचा कागुद हाय." मला एवढा अभिमान वाटला बापाचा, की मी त्यांच्या पाया पडले.

आमच्या भागात सुपारी फुटली की शब्द पक्का. काय उणंदुणं असेल ते सुपारी फुटायच्या आधी पाच माणसांत बोलायचं. आधी सांगितलं तर ते कबूल धरतात, मागनं निघालं तर ती फसवणूक. मग पोरगी माहेरी. तर आण्णांनी पाच माणसांत खणखणीत सांगितलं, पोरीला टीबी झाला होता, औषध पुरं झालं, हा घ्या फोटो. डॉक्टरचा कागद कुणी उघडलासुद्धा नाही. फोटो मात्र ह्या हातातून त्या हातात फिरला. एक म्हातारे तो उलटा धरून दारात गेले आणि म्हणाले, "आवं, ह्यात नुसत्या बरगड्याच! पोरगी कुटं हाय?" सगळे हसले. मुलानं फोटो घेतला, उजेडाकडं धरून जरा वेळ पाहिला आणि फौजी थाटात म्हणाला, "एकदम फिट." सुपारी फुटली. मी आतल्या दाराआड उभी होते, मागं धाकटी. तिनं माझ्या दंडाला धरलं होतं. हात गार पडला होता. मला वाटलं, आक्का जाणार म्हणून पोर हबकली.

लग्न झालं. नवरा भला मिळाला, हे मी आजही म्हणते. रागीट, पण खोटेपणाची चीड असलेला. लग्नानंतर पाचव्या की सहाव्या दिवशी मला म्हणाला, "तुज्या आजारावर न्हाई, तू आदी सांगितलंस त्याच्यावर मी व्हय म्हनलं." हे वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं. तो परत पलटणीत गेला की पत्रं यायची. एकाच पाकिटात दोन कागद, एक आईला आणि एक मला. माझ्या कागदावर दोन्ही अंगांनी लिहिलेलं असायचं. तिथला बर्फ, पलटणीच्या लंगरातली डाळ, कुणाची बदली झाली, आणि शेवटी मला चिडवायला काहीतरी. मी ते शेतात बांधावर बसून वाचायची.

तशी दीड-दोन वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात, उसाच्या तोडीच्या धुरळ्यात, मला खोकला लागला. अंगात ताप. नवरा तेव्हा सुट्टीवर होता. सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, लगेच धास्तावल्या. मी म्हणाले, "आवं, कराडला जाऊन दावू या. आन माजा जुना फोटू घिऊन जाऊ, डाक्टरास्नी ताडून बगता यील." फोटो माझ्या ट्रंकेत शालूच्या घडीत होता. मी स्वतःच्या हातानं काढला आणि मिरवत घेऊन गेले. माझ्या खरेपणाचा दाखलाच होता ना तो!

कराडच्या डॉक्टरांनी नवा फोटो काढला. दोन्ही फोटो उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावले. आधी नवा दाखवला. "घाबरू नका. साधा खोकला आहे, टीबी परत आलेला नाही. हा इथं वर उजवीकडे दिसतोय तो जुन्या आजाराचा वण. देवी येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडावर वण राहतात ना? देवी नसतात, वण असतात. तसंच हे. हा जन्मभर राहणार."

मला हायसं वाटलं. नवऱ्यालाही. मग त्यानं सरळ विचारलं, "मग ह्या जुन्या फोटूत वण का न्हाई?"

डॉक्टर त्या फोटोजवळ गेले. चष्मा वर केला. बोट मानेखालच्या हाडावर ठेवलं. "हा फोटो ह्यांचा नाहीच. ह्या फोटोतल्या बाईचं हे डावं हाड लहानपणी मोडून वाकडं जुळलंय. ह्यांचं सरळ आहे, बघा."

बाई गं! डॉक्टरांचं बोट त्या हाडावर टेकलं तेव्हाच मी ते ओळखलं होतं. त्या उंचवट्यावर मी किती वर्षं तेल चोळलं होतं. आरशावानी सोच्छ छाती माझी नव्हती, धाकटीची होती. चुलीतला कंगवा, न आलेली पुस्तकं, दंडावरचा गार हात, सगळं एकदम समोर उभं राहिलं. मी काहीच बोलले नाही. तिथंच मी चुकले. तिथल्या तिथं ओरडायला हवं होतं, की हे मला ठाऊक नव्हतं. पण माझी वाचाच बसली, आणि नवरा माझ्या तोंडाकडं बघत होता.

एस.टी.त पाकीट त्यानं स्वतःच्या मांडीवर धरलं. घरी आत्याबाई ओट्यावर वाट बघत होत्या. काय म्हनला डाक्टर, म्हणून त्यांनी विचारलं आणि पाकिटात दोन फोटो कसे, हेही. नवरा म्हणाला, "साधा खोकला हाय. जुना डाग हाय छातीत. मला ठावं हुतं." आत्याबाईंनी माझ्याकडं बघून तोंड फिरवलं, पण लेकाच्या शब्दापुढं गेल्या नाहीत. त्यानं माझी अब्रू राखली. आत आल्यावर मात्र दार लोटून घेतलं.

"आईला सांगितलं ते घरासाटी. आता मला खरं सांग. तुला ठावं हुतं का न्हाई?"

"न्हाई. आईची आन. ते वाकडं हाड धाकटीचं हाय, पन मला आज कळलं."

"तुज्या नावानं तुजी भन फोटू काडून आली, आन तुला ठावं न्हाई? एका घरात ऱ्हाऊन?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलत होता. मी म्हणाले, "मी धाकटीला घिऊन येते. तिच्या तोंडानं ऐका." तो म्हणाला, "आन. ती म्हनली तर मानीन." माझा सगळा संसार आता धाकटीच्या एका वाक्यावर आला होता, आणि मला त्याची काळजी वाटली नाही. माझ्या मांडीवर वाढलेली पोर. ती खोटं बोलेल?

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कुंडलला गेले. आण्णा परड्यात वैरण टाकत होते. मी पाकीट त्यांच्यापुढं आपटलं. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. "माजा फोटू कुटं हाय, आण्णा?"

त्यांनी पाकिटाकडं बघितलं आणि खाली बसले. नाकारलं नाही, एवढं बरं. म्हणाले, "डाक्टर म्हनला, डाग ऱ्हानार. जलमभर. मग तुला कोन करत हुतं, गं?"

"पन रोग गेलाय म्हनून कागुद हुता की दवाखान्याचा!"

"कागुद कोन वाचतंय? फोटू बगत्यात. डाग दिसला की लोकांस्नी रोगच दिसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकली न्हाई तुमी, माज्या हातात दुसऱ्याची मूठ दिली! मी खरं सांगा म्हनले हुते. मला खोटी का पाडली? निदान मला तरी सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू पाच मानसांत बोलून बसली असतीस."

हे मात्र खरं होतं. बोलले असते. मी म्हणाले, आता माझ्याबरोबर चला आणि जावयाला सांगा. तर ते वैरण उचलायला लागले. धाकटीची सुपारी आठ दिवसांवर आली होती. ते स्थळ माझ्या सासरच्या भावकीतच ठरलेलं. बापानं फसवलं म्हणून बोभाटा झाला तर धाकटीचं मोडेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, "आन माजं मोडंल त्याचं?" ते म्हणाले, "तुज्या नवऱ्यानं तुला ठिवलीया न्हवं?"

धाकटी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. रडत होती. येऊन माझ्या गळ्यात पडली. "आक्का, माजं चुकलं. आण्णांनी सांगितलं म्हनून ग्येले. मी येते. मी सांगते दाजीस्नी." माझा निम्मा राग तिथंच उतरला. तिचं तोंड मीच पदरानं पुसलं. निघताना आण्णांनी तिला आत बोलावलं. मी बाहेर चपला घालून थांबले होते. फार वेळ नाही, पाणी प्यायला लागतो तेवढा. ती बाहेर आली ती खाली बघतच. एस.टी.त माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. मी तिला शेंगदाण्याचा लाडू घेऊन दिला. तिनं तो तसाच हातात धरला.

सासरी पोचलो तेव्हा आत्याबाई शेतात होत्या. नवरा सोप्यात बसला होता. त्यानं धाकटीला पाणी दिलं आणि शांतपणानं विचारलं, "फोटू तुजा हाय, ते कळलं. तुला बोल लावत न्हाई. एकच सांग. तुज्या आक्काला ठावं हुतं का?"

मी तिच्याकडं बघत होते. ती तांब्याकडं बघत होती. बोटं मानेजवळ, त्या उंचवट्यावर. सवयच होती तिची.

"ठावं हुतं," ती म्हणाली. "आक्काच्या म्होरंच ठरलं हुतं."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं. आण्णांनी आत बोलावून काय पढवलं तेही कळलं: बायकोच सामील निघाली की नवरा आपल्या अब्रूसाठी बोभाटा करणार नाही. मी म्हणाले, "अगं भवाने, काय बोलतीस? आईची शपथ घे बरं!" ती शपथही घेईल की काय, ह्या भीतीनं मीच पुढं गप्प झाले. तिनं रडायला सुरुवात केली. आणि रडणाऱ्या पोरीवर कुणाचाही विश्वास बसतो. मी मात्र संतापले होते, आणि संतापलेली बाई खोटी वाटते. नवरा उठला. मला म्हणाला, "च्या ठेव." मी चहा ठेवला. तिनं प्यायला. त्यानं तिला चारच्या गाडीत बसवून दिलं.

त्यानं मला माहेरी धाडलं नाही. कुणासमोर बोलला नाही. खोकला आठ दिवसांत गेला. लोकांना विचाराल तर माझं काहीच बिघडलं नव्हतं.

धाकटीची सुपारी फुटली, महिन्याभरात लग्न लागलं. मी गेले. न जाऊन सांगणार काय? आई नसल्यामुळं हळद लावायचा मान माझा. बायका गाणी म्हणत होत्या, ती पाटावर बसली होती. मी तोंडाला लावली, हातांना लावली, मग मानेखाली त्या हाडावर बोट टेकलं आणि तिथंच थांबले. तिनं डोळे मिटून घेतले. "आक्का," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, निदान त्या वेळी तरी कानात सांगेल, की चुकलं. मी वाट बघितली. मागून कुणीतरी ओरडलं, "आगं, हळद वाळतीया, आटप!" मग मी दुसऱ्या खांद्याला लावायला घेतली. तिला मी आजवर माफ केलेलं नाही. तिनं माझ्या आजारात शेणातून गोळी शोधून आणली होती, हेही विसरलेली नाही. दोन्ही एकाच काळजात आहे आणि त्याचा फार त्रास होतो.

नवरा पलटणीत परत गेला. महिन्यानं पत्र आलं. पोस्टमननं नेहमीसारखं ओट्यावर टाकलं. मी धावत गेले, पाकीट फोडलं. आत एकच कागद होता, आत्याबाईंच्या नावानं. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, त्यांची पत्रं मीच वाचून दाखवायची. म्हशीचं विचारलं होतं, पाटाच्या पाण्याचं विचारलं होतं, भावकीतल्या आणखी एका लग्नाचं विचारलं होतं. मी मोठ्यानं वाचत गेले. शेवटी, सगळ्यांना नमस्कार सांगून झाल्यावर, एक ओळ माझ्यासाठी होती. तीही मीच वाचली, आवाज न बदलता. तिला म्हणावं, औषध वेळेवर घेत जा.

माझं औषध बंद होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.